चॅम्पियन नावाचा माणूस

मंडळी, गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात स्पार्क प्लगच्या फळीसमोर कधी उभे राहिलात, तर तिथे बरीच नावं दिसतील. एनजीके, बॉश, डेन्सो, ऑटोलाइट... त्यांतली दोन नावं मात्र मजेशीर आहेत. एक 'चॅम्पियन' आणि दुसरं 'एसी डेल्को'मधलं 'एसी'. कंपन्या वेगळ्या, डबे वेगळे, एकमेकांचे जुने प्रतिस्पर्धी. पण दोन्ही नावांच्या मागे माणूस एकच.

चॅम्पियन म्हणजे विजेता, तेव्हा कुणा जाहिरातवाल्याच्या डोक्यातून निघालेलं नाव असणार असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. अल्बर्ट चॅम्पियन हे एका माणसाचं खरंखुरं नाव. आणि 'एसी' ही त्याचीच आद्याक्षरं. स्वतःचं आडनाव स्वतःच्याच मालावर लावायची सोय राहिली नाही, म्हणून बिचाऱ्याने आद्याक्षरांवर भागवलं!

हा माणूस आमच्या मिशिगनचा. म्हणजे जन्माने पॅरिसचा, पण नाव आणि पैसा कमावला तो फ्लिंट गावात. डेट्रॉईटहून फ्लिंट गाडीने तासाभरावर. आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले इकडे येतात ते मोटारकंपन्यांच्या नाहीतर त्यांना माल पुरवणाऱ्यांच्या प्रोजेक्टवर. दिवसभर त्यांचे पार्ट नंबर डेटाबेसच्या एका टेबलातून दुसऱ्यात हलवायचे, आणि तो पार्ट प्रत्यक्षात करतो काय याची गंधवार्ता नसायची. माझंही तेच चाललं होतं. स्पार्क प्लगशी माझी ओळख म्हणजे पुण्यातली दोन स्ट्रोकची स्कूटर. सकाळी चालू होत नसली की बाजूला कलती करायची, प्लग पाना लावून प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि देवाचं नाव घेऊन किक. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत याहून जास्त यंत्रज्ञान माझ्या वाट्याला आलं नाही.

मग इथे ऑफिसात एक सहकारी भेटला. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी गो-कार्टच्या शर्यतीत उतरणारा. शंभर सीसीचं, हवेने थंड होणारं, दोन स्ट्रोकचं इंजिन. एकूण प्रकार आपल्या स्कूटरच्या भावकीतला, पण स्वभाव एकदम तापट. त्याच्याबरोबर हत्यारांची पेटी उचलायला म्हणून मी जाऊ लागलो. पेटीत एक लाकडी ठोकळा होता, त्याला भोकं पाडून ओळीने प्लग उभे केलेले, प्रत्येकाखाली नंबर. दिसायला सगळे जुळे भाऊ. पण सकाळी थंडीत एक, दुपारी उन्हात दुसरा, इंजिन गरम करायला तिसरा. कुठला लावायचा यावर तो ज्या गांभीर्याने विचार करायचा, तेवढा विचार आमच्या घराण्यात स्थळं बघतानाही झालेला नाही. त्यातूनच मला विचारावंसं वाटलं की हे सगळं पहिल्यांदा कुणाला कळलं असेल, आणि शोधता शोधता अल्बर्ट चॅम्पियन भेटला. प्लगचा शोध काही त्याने लावला नाही. पण प्लग तापला की काय होतं हे प्रयोगशाळेत न शिकता स्वतःच्या हाडांवर शिकलेला माणूस तो होता.

जन्म ५ एप्रिल १८७८, पॅरिसच्या बातिन्योल भागात. घरची गरिबी, वडील लवकर गेले, आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. अल्बर्ट सर्वांत थोरला. बारा-तेरा वर्षांचा असतानाच तो सायकलच्या कारखान्यात हरकाम्या म्हणून लागला. त्या काळी सायकल म्हणजे आजचा आयफोन! सगळं पॅरिस त्या वेडाने झपाटलेलं. पोरगा सायकलवर जोरात होता, आणि शर्यतीत बक्षिसाला रोख पैसे मिळत होते. मग मागे वळून कोण बघतंय?

तो नावारूपाला आला तो एका विशिष्ट प्रकारच्या शर्यतीत. यात सायकलस्वाराच्या पुढे दुसरं वाहन धावतं आणि सायकलस्वार त्याच्या आडोशाला, अगदी चाकाला चाक लावून पळतो. वारा पुढचा खातो, त्यामुळे मागच्याला एकट्याने कधीच जमणार नाही असा वेग गाठता येतो. सुरुवातीला पुढे दोन-तीन-पाच जणांच्या सायकली असत. १८९८-९९ च्या सुमाराला त्यांच्या जागी पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी आणि दुचाकी आल्या. लहान, एका सिलिंडरची, पण त्या काळाच्या मानाने तुफान इंजिनं.

जरा डोळ्यांसमोर आणा. तुमची सायकल ताशी साठ-सत्तर किलोमीटरने पळते आहे, ब्रेक नाही, आणि दोन वितींवर पुढे एक धडधडणारं इंजिन. त्या इंजिनाने एकदा जरी मिस मारली, ठिणगी पडली नाही, की पुढची गाडी झटका खाऊन मंदावणार आणि तुम्ही तिच्यावर आदळणार. या खेळात अनेक जण जिवाला मुकले. अशा ठिकाणी प्लग चांगला की वाईट ही आवडीनिवडीची गोष्ट राहत नाही.

२ एप्रिल १८९९, ईस्टरचा रविवार. पॅरिस ते रुबे ही २६८ किलोमीटरची शर्यत. खडबडीत फरसबंदी रस्ते, आजही त्या शर्यतीला सायकलवाले नरक म्हणतात. त्या वर्षी पुढे आडोशाला मोटारगाड्यांना परवानगी होती. चॅम्पियन ट्रॅकवरचा गडी, रस्त्यावर त्याचा टिकाव लागेल असं फार थोड्यांना वाटत होतं. पण इंजिनाच्या मागे चिकटून पळणं त्याच्याइतकं कुणाला येत होतं? साडेआठ तासांच्या आत तो रुबेला पोचला आणि पहिला आला. एकविसावा वाढदिवस अजून तीन दिवसांवर होता.

यानंतर तो अमेरिकेला निघाला. सक्तीची लष्करी सेवा जवळ आली होती, तीही टाळायची होती असं म्हणतात. कारण काहीही असो, १९०० साली मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावच्या कंपनीने त्याला करारावर आणलं. ही कंपनी 'ओरिएंट' सायकली बनवायची आणि तिचा संस्थापक चार्ल्स मेट्झ याला मोटारसायकलचं वेड लागलं होतं. म्हणजे एका कौशल्यासाठी, एका कंपनीच्या नावावर, ठरावीक कराराने आलेला परदेशी तरुण. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे वाचताना आपली व्हिसाची फाईल आठवेल!

३१ जुलै १९०० रोजी बॉस्टनजवळ केंब्रिजच्या चार्ल्स रिव्हर पार्क ट्रॅकवर त्याने ओरिएंटची मोटारसायकल पळवून दाखवली. इंजिन 'अॅस्टर' या फ्रेंच कंपनीचं. पाच मैल अंतर साधारण सव्वासात मिनिटांत, म्हणजे ताशी पासष्ट किलोमीटरच्या वर. अमेरिकेतल्या लोकांसमोर झालेल्या मोटारसायकलच्या पहिल्यावहिल्या धावांपैकी ही एक. फ्रेंच इंजिन, फ्रेंच स्वार आणि टाळ्या अमेरिकन.

आता थोडं प्लगकडे वळू, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही.

प्लगची रचना साधी आहे. मध्ये एक तार, तिच्याभोवती वीज अडवणारं पोर्सिलीन, त्याभोवती आटे पाडलेलं लोखंडी अंग, आणि खाली वाकवलेली एक पट्टी. तार आणि पट्टी यांच्यात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट, म्हणजे आपला 'गॅप'. हजारो व्होल्टची वीज ती फट ओलांडते तेव्हा ठिणगी पडते. पण प्लगचं खरं दुखणं ठिणगी नसून उष्णता आहे. पोर्सिलीनचं जे टोक सिलिंडरच्या आत डोकावतं, त्याला आपण नाक म्हणू. हे नाक साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं हवं, म्हणजे त्यावर बसणारी काजळी आणि तेल आपोआप जळून जातं. त्याच्या खाली राहिलं की काजळी साठते, वीज फट ओलांडायचं सोडून काजळीवरून घसरून जाते आणि इंजिन मिस मारतं. याउलट नाक ८५० अंशांच्या वर गेलं की ते निखारा बनतं. मग ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं, वर येणाऱ्या पिस्टनला उलटा तडाखा बसतो आणि काही सेकंदांत पिस्टनला भोक पडू शकतं. खालची लक्ष्मणरेषा ५००, वरची ८५०. त्यांच्यामध्ये राहायचं.

हे जमवायची युक्ती नाकाच्या लांबीत आहे. नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेरच्या धातूपर्यंत जायला लांबचा रस्ता पडतो आणि टोक गरम राहतं. याला म्हणतात 'हॉट' प्लग. नाक आखूड, रस्ता जवळचा, उष्णता पटकन निघून जाते, तो 'कोल्ड' प्लग. बाजारहाट करणाऱ्या गाडीला तुलनेने हॉट चालतो, शर्यतीच्या इंजिनाला कोल्ड लागतो. लक्षात ठेवा, कोल्ड प्लगने इंजिन थंड होत नाही. फक्त प्लग थंड राहतो. आणि यातली एक गंमत सांगतो: एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग जास्त कोल्ड, आणि चॅम्पियनच्या किंवा बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की जास्त हॉट! प्रत्येकाने आपापला डेटा मॉडेल वेगळा केला आहे. तेव्हा एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर शोधू नये. तुलनेचा तक्ता पाहावा.

चॅम्पियनच्या काळी असले आकडेबिकडे नव्हते. इंजिनं मिनिटाला दीड-दोन हजार फेरे फिरायची. आजचं कार्टचं दोन स्ट्रोक इंजिन पंधरा हजार फिरतं, प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला अडीचशे! पण तेव्हाचं पोर्सिलीन इतकं कच्चं होतं की दोन हजारांतही ते तडकायचं. शर्यतीसाठी आणि पुढे विमानांसाठी म्हणून पोर्सिलीनऐवजी अभ्रकाचे पापुद्रे गुंडाळलेले प्लग निघाले. उत्तम प्रतीचं अभ्रक त्या काळी जगभर मुख्यतः हिंदुस्थानातून, हजारीबाग-कोडरमाकडच्या खाणींतून जायचं. युरोप-अमेरिकेच्या शर्यतींत आपल्याकडच्या मजुरांच्या घामाचा असाही एक वाटा होता, तो कुठल्या चषकावर कोरलेला नाही.

असो. १९०३ साली चॅम्पियनने मोटारींच्या शर्यतीत उडी घेतली. पॅकार्ड कंपनीची 'ग्रे वुल्फ' ही गाडी घेऊन तो ऑक्टोबरमध्ये ब्रुकलिनच्या ब्रायटन बीच ट्रॅकवर उतरला. गाडी ताब्यातून सुटली, अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं. कित्येक महिने अंथरुणात. हाड जुळलं पण पाय आखूड झाला. पंचविसाव्या वर्षी, परक्या देशात, ज्या पायांवर पोट भरायचं तेच गेले. जवळ ना विमा ना नोकरी. दुसरा असता तर खचला असता.

हा गडी १९०४ मध्ये फ्रान्सला गेला आणि त्याच आखूड पायाने इंजिनामागच्या सायकलशर्यतीचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून मोकळा झाला! मग मात्र सायकल कायमची ठेवून दिली. जिंकून थांबला, हे मला फार आवडलं.

परत अमेरिकेला येताना त्याने विचार पक्का केला होता. अमेरिकेत मोटारींची लाट येते आहे, आणि विजेची चांगली सामग्री, म्हणजे प्लग आणि मॅग्नेटो, फ्रान्समध्ये बनते. १९०५ साली बॉस्टनमध्ये त्याने 'अल्बर्ट चॅम्पियन कंपनी' काढली. आधी आयात, मग स्वतःचं उत्पादन. भांडवलासाठी भागीदार घेतले, त्यांत फ्रँक स्ट्रॅनहॅन प्रमुख, पुढे त्याचा भाऊ रॉबर्टही आला. बॉस्टनमध्ये गेटिसबर्गच्या लढाईचं प्रचंड गोलाकार चित्र दाखवायला बांधलेली 'सायक्लोरामा' नावाची घुमटाकार इमारत आहे. त्या इमारतीतही काही काळ चॅम्पियनचा कारभार होता. बाजारात स्पर्धा भरपूर. अमेरिकेत तेव्हा 'राजा' नावाचासुद्धा प्लग मिळायचा, न्यू जर्सीत बनणारा! नावात अशी ऐट असली की माल खपतो हे तेव्हाही ठाऊक होतं.

१९०८ साली विल्यम ड्युरंट बॉस्टनला आला. फ्लिंटचा हा घोडागाड्यांचा कारखानदार, ब्यूइक कंपनीचा सर्वेसर्वा. त्याच सप्टेंबरात त्याने जनरल मोटर्सची स्थापना केली. बोलण्यात असा गोड की समोरच्याने खिशातला पैसा काढून हातात ठेवावा. त्याला ब्यूइकसाठी प्लग हवे होते, हजारोंनी. चॅम्पियनला त्याने फ्लिंटला यायचं आमंत्रण दिलं. ड्युरंटला चॅम्पियनची बॉस्टनची कंपनीही विकत हवी होती, पण स्ट्रॅनहॅन मंडळी कंपनी आणि तिचं नाव विकायला तयार झाली नाहीत. शेवटी चॅम्पियन एकटा निघाला. फ्लिंटमध्ये 'चॅम्पियन इग्निशन कंपनी' सुरू झाली, त्याला तिच्यात पाव हिस्सा. ब्यूइकच्या कारखान्यातच जागा मिळाली.

आणि भानगड सुरू झाली. बॉस्टनचे भागीदार १९१० मध्ये ओहायोतल्या टोलेडोला गेले आणि तिथे 'चॅम्पियन स्पार्क प्लग' म्हणून धंदा वाढवू लागले. त्यांच्याकडे नाव होतं, पण त्या नावाचा माणूस नव्हता. फ्लिंटमध्ये माणूस होता, पण नावावर हक्क नव्हता. त्याने आपल्या प्लगवर 'एसी' ही अक्षरं घातली, आणि नावाच्या वादामुळे अखेर १९२२ मध्ये कंपनीचंही नाव 'एसी स्पार्क प्लग कंपनी' झालं. म्हणजे पॅरिसच्या धोबिणीच्या पोराने जे आडनाव रुबेच्या ट्रॅकवर जिंकून मोठं केलं, ते कागदोपत्री दुसऱ्याचं झालं.

फ्लिंट हे गावच बहुधा नावं हरवायचं. डेव्हिड ब्यूइक हा मूळचा स्कॉटलंडचा. त्याच्या नावाच्या गाड्या लाखांनी खपल्या, आणि तो स्वतः १९२९ मध्ये डेट्रॉईटला जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारला. लुई शेव्हरोले स्वित्झर्लंडचा. ब्यूइकच्या शर्यतीच्या गाड्या चालवायचा. १९११ मध्ये त्याच्या नावाने ड्युरंटने कंपनी काढली, दोन वर्षांत दोघांचं बिनसलं, लुई बाहेर पडला आणि नाव मागे राहिलं. तिघेही स्थलांतरित. आपण इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात 'चंद्रशेखर'चा 'शेखर' आणि 'शेखर'चा 'शेक' होतो, त्यावर आपण पार्टीत विनोद करतो. पण नाव सुटणं ही गोष्ट विनोदापुरती नाही हे या तिघांकडे बघून कळतं. कन्सल्टंटला तर रोजच क्लायंटचा बिल्ला गळ्यात घालून फिरायचं असतं. लिहिलेल्या प्रोग्रामवर कुणाचं नाव राहील हे करारात आधीच ठरलेलं असतं.

चॅम्पियन यातून तरला तो कसा? मला उत्तर त्याच्या प्लगमध्येच दिसतं. नाव गेल्यावर त्याच्याजवळ उरलं ते फक्त मालाचं काम. 'एसी' या दोन अक्षरांना सुरुवातीला बाजारात काय अर्थ होता? काही नाही. ती अक्षरं लोकांना माहीत झाली ती प्लग चालला म्हणून.

हाच धडा कार्टच्या ट्रॅकवर प्लग निवडताना मी शेकड्याने पाहिला आहे. नवखा माणूस विचारतो, कुठल्या कंपनीचा चांगला? आमचा सहकारी त्याला म्हणतो ते माझ्या शब्दांत सांगतो. कंपनी शेवटी बघा. पहिल्यांदा बघा आट्यांची जाडी आणि लांबी. आटे गरजेपेक्षा लांब असतील तर प्लग पिस्टनला धडकेल. आखूड असतील तर उघड्या आट्यांत काजळी भरून राहील आणि ठिणगीही नको तिथे पडेल. दुसरं, शर्यतीच्या नियमांत कुठला प्लग चालतो ते वाचा. काही वर्गांत ठरावीकच लावावा लागतो. तिसरं, रेझिस्टर हवा की नको हे इंजिनाच्या पुस्तकात बघा, कारण रेझिस्टर नसेल तर ठिणगीच्या गोंगाटाने डिजिटल इग्निशन आणि आकडे नोंदवणारं मीटर दोन्ही बावचळू शकतात. चौथं, इंजिनवाल्याने सांगितलेल्या हीट रेंजपासून सुरुवात करा, आणि बदलायचाच झाला तर एका वेळी एकच पायरी. एक पायरी म्हणजे नाकाच्या तापमानात साधारण सत्तर ते शंभर अंशांचा फरक. शंका असेल तर कोल्डच्या बाजूला चुका: काजळी धरली तर एक शर्यत जाते, पिस्टनला भोक पडलं तर इंजिन जातं.

मग प्लग 'वाचायचा'. पूर्ण वेगात गाडी पळवून, तिथेच इंजिन बंद करून, क्लच सोडवून गाडी बाजूला घ्यायची आणि प्लग काढून भिंगाखाली बघायचा. हळूहळू चालवत पिटमध्ये आणलीत तर वाचन फुकट, कारण मधल्या वेळात नाकाचा रंग बदलतो. नाक फिकट तपकिरी असेल तर जमलं. काळं, मऊ काजळीचं असेल तर पेट्रोल जास्त किंवा प्लग फार कोल्ड. पांढरं फटक, पुटकुळ्या आलेलं असेल तर धोका. आणि नाकावर मिरीपूड टाकल्यासारखे चमकणारे कण दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे, ताबडतोब थांबा. मात्र आधी कार्बुरेटर आणि टायमिंग ठीक करायचं, प्लगची पायरी त्यानंतर. प्लग बदलून मूळ दुखणं झाकता येतं, बरं करता येत नाही. आणि हो, आपला तो पॉलिश पेपर इथे वर्ज्य! त्याचे कण पोर्सिलीनवर चिकटतात नाहीतर सिलिंडरमध्ये जातात. शर्यतीच्या इंजिनात शंका आली की नवा प्लग.

या सगळ्यात डब्यावरचं नाव कितव्या नंबरला आलं, बघा.

फ्लिंटचा चॅम्पियन पुढे फार मोठा झाला. कारखान्यात प्लगबरोबर स्पीडोमीटर, फिल्टर अशा वस्तू बनू लागल्या, हजारो लोकांना काम मिळालं. २० मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकटा अटलांटिक ओलांडायला निघाला. एकच इंजिन, नऊ सिलिंडर, प्रत्येकाला दोन असे अठरा प्लग. खाली नुसतं पाणी. साडेतेहतीस तास ते इंजिन न थांबता चाललं आणि विमान पॅरिसला उतरलं. त्या अठरा प्लगवर 'एसी' लिहिलेलं होतं. अल्बर्ट चॅम्पियनचं पूर्ण नाव नसलं तरी आद्याक्षरं त्याच्या जन्मगावी पोचली, तीही आकाशातून.

त्यानंतर पाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९२७ मध्ये, पॅरिसमध्येच मुक्कामाला असताना तो अचानक वारला. वय अवघं एकोणपन्नास. एवढ्या आयुष्यात तीन माणसांचं जगून घेतलेलं: सायकलवाला, शर्यतीचा ड्रायव्हर आणि कारखानदार.

फ्लिंटचे बरेचसे मोठे कारखाने पुढे एकेक करून बंद पडले, गावाने फार वाईट दिवस पाहिले. पण दोन्ही डबे अजून दुकानाच्या फळीवर आहेत. आपल्या मंडळात शेतकी कॉलेजवाल्यांपासून शेअरबाजारवाल्यांपर्यंत सगळे आहेत, गाडीचं बॉनेट मात्र कुणी उघडत नाही, सगळे मेकॅनिककडे! तरी पुढच्या वेळी दुकानात वायपर घ्यायला गेलात की त्या फळीकडे एक नजर टाका. मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगा, की यातला हा डबा नाव घेऊन राहिला आणि तो डबा माणूस घेऊन गेला. कुणाचं काय गेलं आणि काय राहिलं, यावर गाडीत घरी येईपर्यंत वाद घालायला उत्तम विषय आहे. आमच्याकडे घालून झाला आहे. माझी लेक स्ट्रॅनहॅनच्या बाजूने होती!